दोन नंबरची जाळी

मॅनेजरनं कागद माझ्याकडे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. टोपण त्यानं आधीच काढून ठेवलं होतं.

"फक्त इथे सही," तो म्हणाला. "तीनच ओळी आहेत. वाचायच्या तर वाच."

मी वाचल्या. सोबतचं छायाचित्र मी स्वतः अमुक तारखेला कारखान्याच्या मशीन विभागात काढलं असून ते त्या दिवशीच्या प्रत्यक्ष स्थितीचं आहे. खाली ठिपक्यांची रेघ, रेघेखाली माझं नाव छापलेलं.

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर तोच फोटो होता. दोन हात रुंद, काचेत बसवलेला. पुठ्ठ्याची खोकी कापणारी चार मशीनं एका ओळीत, चारही एका मापाची, प्रत्येकाच्या तोंडाला लोखंडी जाळी. फ्रेमखाली पितळी पट्टी: प्रथम पारितोषिक. येणाऱ्याजाणाऱ्याला तो फोटो दाखवायची मॅनेजरला फार हौस.

डावीकडून दुसरं मशीन माझ्या मावशीचं. अकरा दिवसांपूर्वी त्या मशीननं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली.

त्या मशीनला जाळी नव्हती. दोन वर्षं नव्हती. फोटोत होती, कारण ती मी बसवली होती.

"चौकशी सोमवारी आहे," मॅनेजर म्हणाला. "मावशीच्या विरोधात काही नाही गं. ती आमचीच आहे. पण कागद पूर्ण लागतात. जाळी होती एवढंच दाखवायचंय. तिनं त्या दिवशी काढून ठेवली असेल घाईत, होतं माणसाकडून."

"मी उद्या देते," मी म्हणाले.

"शुक्रवारपर्यंत दे. आणि हो, नव्या कॅटलॉगचे फोटो काढायचेत. घरचं माणूस असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला शोधू?"

फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं, त्याचं पेन माझ्या मुठीतच राहिलंय.

मी कॉलेजात फोटोग्राफी शिकायला आले तेव्हा मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, समोरचा माणूस आणि बटण. पहिले दोन महिने माझ्या प्रत्येक फोटोत लोकांचे पाय घोट्यापासून कापलेले असायचे. सर प्रिंट उचलून वर्गाला विचारायचे, "हे बिचारे घरी कसे गेले असतील?" वर्ग खिदळायचा. मी दात आवळून परत जायचे आणि परत काढायचे. मावशीच्या दोन खोल्यांत मी राहत होते, शिकायला म्हणून. तिला मी इतक्या वेळा खिडकीशी उभं केलं की ती म्हणायची, "फोटोवाले, मला जरा बसू दे, खिडकीचा एकटीचाच फोटो काढ." तिच्या गालावरचा उजेड बघून मी शिकले की उजेडाला बाजू असते. सावली काळी नसते, तिच्यातही दिसायला खूप असतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मावशीच्या मानेवर वाचलं.

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर हाती आला आणि तिथे मी सुटलेच. आम्ही सगळे एका हत्याराला शिक्का म्हणायचो, कारण त्याचं चित्रच रबरी शिक्क्याचं होतं. फोटोतल्या एका जागेवरून उचलायचं, दुसऱ्या जागेवर शिक्का मारायचा. भिंतीवरचा डाग, आकाशातली वायर, कुणाच्या कपाळावरचा फोड, सगळं जायचं. माझा हात हलका होता. वर्गातली पोरं आपल्या फाईली माझ्याकडे घेऊन यायची. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

शिक्क्याचा एकच मोठा गुन्हा होता आणि सरांच्या तोंडी त्याचं नाव होतं "जुळी". एकच तडा भिंतीवर दोनदा. एकच ढग दोन कोपऱ्यांत. सर प्रिंट टेबलावर पसरायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि लाल पेन्सिलीनं दोन गोल काढायचे. "अभिनंदन. जुळी झाली."

सहामाहीच्या कामाचा विषय होता 'कामाची जागा'. मावशीनं मॅनेजरला सांगून मला आत नेलं. दिवस ढगाळ होता, वरच्या झरोक्यांतून सगळीकडे सारखाच मऊ उजेड, सावली म्हणून नाही. जेवणाच्या सुट्टीत माणसं बाहेर गेली. मी समोरच्या भिंतीला पाठ लावून कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, रेघ न् रेघ सरळ केली. चार मशीनं, चार सारखी मापं. इतकं नेटकं माझ्या हातून तोवर काही निघालं नव्हतं.

फक्त दोन नंबरला जाळी नव्हती. सरळ ओळीत मध्येच पडलेल्या दातासारखं दिसत होतं ते.

त्या मशीनला जाळी का नाही, हे मला माहीत होतं. जेवताना मावशीच सांगायची. दुरुस्तीला म्हणून काढली आणि परत लावलीच नाही, कारण जाळीशिवाय पुठ्ठा भराभर सरकतो, तासाला खोकी जास्त पडतात. ते मशीन सगळ्यात हुशार हाताला द्यायचं ठरलं. म्हणजे मावशीला. हे सगळं मला माहीत असताना मी तीन नंबरची जाळी उचलली आणि दोन नंबरवर शिक्का मारला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचा दबाव नव्हता. ओळ चांगली दिसावी म्हणून.

सरांनी प्रिंट बघितली आणि दोन लाल गोल काढले. तीन नंबरच्या जाळीवर नखाएवढा निळा रंग सांडलेला होता, तो दोन नंबरवरही त्याच जागी आला होता. "दोन माणसं एकाच जागी रंग सांडत नाहीत," ते म्हणाले. "नीट करून आण."

मी नीट केलं. जाळी आडवी उलटवली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. निळा ठिपका पुसला. सावल्या नव्हत्याच, त्यामुळे उलटवलेलं खपून गेलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे स्पर्धा, पहिलं बक्षीस, पितळी पट्टी.

मावशीला घरी दाखवला तेव्हा तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "अगं, माझ्या मशीनला जाळी कधी बसवली?"

"मी बसवली," मी म्हणाले. "फोटोत तरी असू दे."

"मग रोज फोटोतच कामाला जाते," ती म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिच्या हाताला तेव्हा दहा बोटं होती.

शुक्रवारी मी सही द्यायला गेले नाही. मॅनेजरचा फोन आला तेव्हा ताप आलाय म्हणाले. "काळजी घे," तो म्हणाला, "सोमवारी समोरासमोरच करू." मग जरा थांबून, "तुझं बक्षीस वर्तमानपत्रात आलं होतं ना? असं नाव मिळवायला वर्षं लागतात."

हा माणूस कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याआधी मूळ फाईल शोधत मी दोन दिवस घालवले होते. कॅमेरा कॉलेजचा, कार्ड कॉलेजचं, दर आठवड्याला कोरं करून परत द्यायचं. लॅपटॉपवर घेतलेल्या फाईलवरच मी काम केलं होतं आणि तिच्यावरच सेव्ह केलं होतं, फोटोवर चढवलेले सगळे थर एकत्र दाबून, जागा वाचावी म्हणून. लाल गोलांची प्रिंट लाजेनं फाडून टाकली होती. जुनी फोल्डरं, मेल, पेन ड्राइव्ह, वर्गमित्रांचे लॅपटॉप, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं बंद पडलेलं मशीन, सगळं उपसलं. फक्त तो एकच फोटो, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नावांनी. शेवटचा. अगदी शेवटचा. आता नक्की शेवटचा.

बाहेरच्या खोलीत मावशी डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहायला शिकत होती. चौकशीत सही लागेल म्हणून. कंपनीच्या नोटिशीत लिहिलं होतं, कामगारानं स्वतः संरक्षक जाळी काढून निष्काळजीपणे काम केलं. हा ठपका कायम झाला तर नोकरीही जाणार आणि भरपाईही. एकोणीस वर्षांत तिनं एक खोकं वाकडं कापलं नव्हतं. कामावरच्या बायांना तिनं विचारलं होतं की जाळी नव्हती एवढं सांगाल का. त्यांनी हळहळ केली आणि म्हणाल्या, सांगू गं, पण तो फोटो आहे ना भिंतीवर. त्याच्यापुढे आमचं कोण ऐकणार.

तो फोटो आहे ना भिंतीवर. हे ऐकून मी चपला घातल्या.

शुक्रवारी संध्याकाळीच सरांकडे गेले. ते स्टाफरूममध्ये एकटेच प्रिंट तपासत बसले होते. मी उभ्यानंच जाळीचं आणि मावशीचं सांगून टाकलं. सर लाल पेन्सिल बोटांत फिरवत राहिले.

"मूळ फाईल कुठे आहे?"

"नाही."

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? मूळ फाईलला हात लावायचा नाही."

"सांगितलं होतं."

"मग आता तिथे जाऊन काय बोलणार? मी खोटारडी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा?" ते उठून खिडकीशी गेले. "बक्षीस परत जाईल. कॉलेजचं नाव निघेल. परीक्षक मला विचारतील, तुम्हाला कसं दिसलं नाही."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "तुम्हाला दिसलं होतं, सर. दोन गोल काढले होते तुम्ही. पण ती जाळी खरी आहे का, हे नाही विचारलंत. नीट करून आण म्हणालात. चोरी केलीस असं नाही म्हणालात, पकडली गेलीस असं म्हणालात."

सरांनी चष्मा काढला. चष्म्याविना ते म्हातारे दिसत होते.

"जा," ते म्हणाले. "घरी जा."

घरी जाताना मला हलकं वाटत होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते. पुरावा नाही. मी बोलले तरी कुणी मानणार नाही. मग बोलून काय फायदा, सही न करता गप्प बसले तर झालं. भित्र्या माणसाचं डोकं किती भरभर चालतं ते मला त्या रस्त्यावर कळलं.

शनिवारी दुपारी सरांचा निरोप आला. दोनच शब्द. उलटवून बघ.

मी उलटवलं होतं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी गेल्यावर त्यांनी तो फोटो काढून पुन्हा बघितला होता. इतक्या महिन्यांनी, त्यांच्या त्या डोळ्यांनी, आणि ह्या वेळी खरंच बघितला होता.

मी लॅपटॉप उघडला. दोन नंबरची जाळी कापून वेगळ्या थरावर घेतली. आडवी उलटवली. अर्धी पारदर्शक केली. सरकवत सरकवत तीन नंबरच्या जाळीवर नेली.

बसली. टक्कन बसली. मधली एक तार कुणाचा तरी धक्का लागून आत वाकलेली होती, ती वाकलेल्या तारेवर. खालच्या कोपऱ्यातला पोपडा पोपड्यावर. बत्तीस तारा, प्रत्येकीचा हलकासा डुगडुगता बाक, एकीवर एक, केसाचाही फरक नाही. निळा ठिपका मी पुसला होता. पण वाकलेल्या तारेकडे माझं तेव्हा लक्षच गेलं नव्हतं. मला तेव्हा तारा दिसतच नव्हत्या, ओळ दिसत होती.

आता पुरावा होता. माझ्याच हातचा, माझ्याच फोटोत. लॅपटॉप मिटून मी जमिनीवर बसले. आता गप्प बसायला काही कारण उरलं नव्हतं.

मावशीला सांगायलाच हवं होतं. रविवारी सकाळी ती भाजी निवडत बसली होती, डाव्या हातानं, एकेक पान. उजवा हात बँडेजमध्ये मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखा.

"मावशी, त्या फोटोमुळे तुझ्यावर आळ आलाय."

"माहीत आहे."

"तो फोटो मी..."

"माहीत आहे गं. मीच विचारलं होतं ना तुला, जाळी कधी बसवली म्हणून." ती पान तोडत राहिली. "पंधरा दिवस वाट बघतेय, तू कधी तोंड उघडतेस."

"मग तू का नाही बोललीस?"

"का बोलू?" तिनं वर बघितलं. मी तिचे इतके फोटो काढलेत, तो चेहरा माझ्याकडे एकाही फोटोत नाही. "माझी बोटं गेली तरी मी बोलायचं? मी हॉस्पिटलात पडले होते तेव्हाच तुला कळायला हवं होतं. मी मॅनेजरवर चिडत नाही, तो तसाच आहे. त्याच्याकडून मी काही मागितलं नव्हतं. तुला मी खिडकीशी उभी राहून राहून शिकवलं. पाय दुखेपर्यंत."

मी रडायला लागले.

"रडू नकोस. रडलीस तर मला समजूत घालावी लागेल, आणि आज मला ते जमायचं नाही." ती पुन्हा भाजीकडे वळली. जुडी संपल्यावर म्हणाली, "हसले मीही होते. दोघी मूर्ख. उद्या किती वाजता आहे?"

"अकराला."

"माझी वेणी घालून दे सकाळी. एका हातानं जमत नाही."

चौकशी मॅनेजरच्या खोलीतच होती. कामगार कचेरीतून एक बाई आल्या होत्या, वयानं मावशीएवढ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, शेजारी कारकून लिहायला. मावशी खुर्चीच्या कडेवर बसली होती, जणू कुणी तरी उठवणार आहे. मी तिच्या मागे उभी होते, कॉलेजला परत द्यायच्या कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला आणि लॅपटॉप छातीशी धरून.

मॅनेजर छान बोलला. अपघाताचं दुःख आहे म्हणाला. जाळी होती, हे छायाचित्र बघा, अपघाताच्या सात महिने आधीचं, आमचं नव्हे, कॉलेजच्या विद्यार्थिनीनं काढलेलं, बक्षीसपात्र. कामगारानं त्या सकाळी जाळी काढून ठेवली, अपघातानंतर आम्ही ताबडतोब परत बसवली.

बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "ही मुलगी हजर आहे का?"

"आहे ना. तिचं पत्रही आहे, फक्त सही राहिली," मॅनेजर म्हणाला आणि खिसे चाचपू लागला.

मी त्याचं पेन त्याच्या टेबलावर ठेवलं. "हे तुमचं राहिलं होतं."

मग बाईंकडे वळले. शनिवारपासून घोकलेली सगळी वाक्यं गेली. तोंडातून एकच निघालं. "जाळी मी बसवली."

बाईंनी चष्मा चढवला. "तू? तू फिटर आहेस का?"

कारकून हसला. मॅनेजरही हसला, पण जरा उशिरा.

"नाही. फोटोत बसवली. मशीनला जाळी नव्हती. दोन वर्षं नव्हती. फोटो चांगला दिसावा म्हणून मी तीन नंबरची उचलून दोन नंबरवर लावली."

"कारकून, थांबा, हे लिहू नका अजून." बाई पुढे वाकल्या. "मूळ फोटो आहे?"

"नाही. मी त्याच्यावरच सेव्ह केलं."

"मॅडम, ही हिची मावशी आहे," मॅनेजर शांतपणे म्हणाला. "घरात राहते तिच्या. मावशीसाठी पोर काहीही बोलेल. आणि जी मुलगी म्हणते मी खोटा फोटो देऊन बक्षीस घेतलं, तिचं आजचं तरी खरं कशावरून?"

सर म्हणाले होते तेच. अगदी तेच. मी टेबलाला चिकटून उभी राहिले आणि लॅपटॉप उघडला.

"माझं खरं मानू नका. तुम्ही बघा."

जाळी कापायला गेले तर बोट घसरलं. अर्धं मशीनच कापलं गेलं. "सावकाश," मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या त्या मऊ आवाजानं माझा हात उलट थांबला. शिक्का मारताना थांबतो तसा. मी परत कापलं. उलटवलं. अर्धं पारदर्शक केलं. सरकवलं.

बसली.

बाईंनी खुर्ची ओढली आणि नाक स्क्रीनला लावलं. मी वाकलेल्या तारेवर बोट ठेवलं. कोपऱ्यातल्या पोपड्यावर ठेवलं.

"परत कर," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. हळू."

मी परत केलं. त्या उठल्या, भिंतीवरच्या काचेजवळ गेल्या आणि बोटानं तारा मोजू लागल्या, एकदा तीन नंबरच्या, मग दोन नंबरच्या उलट्या बाजूनं. वाकलेल्या तारेशी त्यांचं बोट दोन्ही वेळा थांबलं.

"सातवी," त्या म्हणाल्या. "आणि इकडून सातवी."

"जुळी," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. आमच्याकडे म्हणतात तसं."

"म्हणजे दोन नंबरची जाळी खरोखरच दोन नंबरची निघाली," कारकून पुटपुटला आणि बाईंनी बघताच मान खाली घालून लिहू लागला.

बाई मॅनेजरकडे वळल्या. "हा फोटो मी धरत नाही. आता मला सांगा, काढलेली जाळी तुम्ही परत बसवली म्हणता. मशीनवर आत्ता जी आहे ती जुनी का नवी?"

"जुनीच. म्हणजे रंग दिलाय."

"जुनी भंगारात आहे," मावशी पहिल्यांदाच बोलली. "स्टोअरच्या मागे, पत्र्याखाली. मी जबाबात सांगितलं होतं, पण लिहिणाऱ्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं."

"चला," बाई म्हणाल्या.

स्टोअरमागची जागा अरुंद होती. मोडकी चाकं, तुटक्या पट्ट्या, फाटका पत्रा. कारकुनानं पत्रा उचलला. जाळी भिंतीला टेकलेली होती, गंजून तपकिरी झालेली, तारांतून गवत वर आलेलं, कडेला पक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा थर. चौकटीवर पिवळ्या रंगात मशीनचा नंबर होता. दोन. अर्धा उडालेला, तरी दोनच.

मॅनेजर पुन्हा खिसे चाचपू लागला. एवढं गवत आणि गंज दोन आठवड्यांत येत नाही, हे त्यालाही कळत असावं.

बाईंनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "कॅमेरा आहे ना त्यात? काढ ह्याचा फोटो."

मी कॅमेरा काढला. डोळ्याला लावला आणि नेहमीचं सुरू झालं. कडेला तुटकी बादली होती, नजरेला टोचत होती, अर्धं पाऊल डावीकडे सरकले की गेली असती. कारकुनाचा बूट चौकटीत येत होता. ऊन वरून पडून गवत पांढरं पडत होतं. दोन मिनिटांत मी हे सगळं साफ करू शकले असते.

"थांब," मावशी म्हणाली. ती जाळीशेजारी जाऊन उभी राहिली आणि बँडेज केलेला हात जाळीवर ठेवला. "हा पण येऊ दे."

मी बटण दाबलं. बादलीसकट, बुटासकट. एकच.

"आता ती फाईल," बाई म्हणाल्या, "मला इथेच दे. मध्ये घरी नाही, कॉलेजात नाही."

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, कार्ड बाहेर काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते पाकिटात घातलं, कारकुनानं तारीख घातली. त्यावर मी सही केली आणि माझ्याखाली मावशीनं डाव्या हातानं केली. तिची सही वाकडी होती, तरी वाचता येत होती.

परत येताना मावशी म्हणाली, "ठपका जाईल का गं?"

"माहीत नाही. बाई म्हणाल्या पंधरा दिवस लागतील."

"आणि तुझं बक्षीस?"

"ते जाईल."

तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला. "माझा फोटो तरी नीट आला का?"

माझा हात सवयीनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे गेला आणि आत कार्ड नाही हे आठवलं.

"बघितला नाही," मी म्हणाले.

"नशीब," ती म्हणाली. "नाहीतर बोटं बसवली असतीस."